ज्याचं गाणं त्याला आधी

परवा पुण्यात एका मोकळ्या मैदानावर तिचा कार्यक्रम होता. मी मागे, साउंडवाल्याच्या टेबलाजवळ उभा होतो. तिथे उभं राहायची जुनी सवय आहे. पाच-सहा गाणी झाली आणि पुढची पोरं ओरडायला लागली, "इळा! इळा!" ती चार तारांच्या गिटारच्या खुंट्या पिळत बसली. ओरडा वाढला तेव्हा माइकपाशी तोंड नेऊन म्हणाली, "ते माझं न्हाई. दुसरं म्हणते." कुणीतरी शिट्टी मारली, दोघातिघांनी हुर्यो केली. माझ्या शेजारची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "काय अ‍ॅटिट्यूड आहे बघ. ज्या गाण्यावर मोठी झाली तेच म्हणत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मुलीला सांगावंसं वाटलं की बाई, ते गाणं तिने बाहेर काढलंच नव्हतं, मी काढलं. पण एवढं सांगायचं तर पुढचंही सांगावं लागतं, आणि ते तोंडाने सांगायची माझी छाती नाही. म्हणून कार्यक्रम अर्धा सोडून घरी आलो आणि आता लिहितो आहे.

वर्तमानपत्रांत तिच्याविषयी छापून येतं ते वाचून तर डोकं फिरतं. 'मुळशीच्या डोंगरातला निर्मळ आवाज.' 'साधीभोळी मेंढपाळाची लेक.' भोळी! तिच्याइतकी हट्टी, तिरपागडी आणि समोरच्याचं डोकं उठवणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. हे लिहिणाऱ्यांनी तिच्याबरोबर एक दुपार रेकॉर्डिंग करून दाखवावं.

मी मूळचा जालन्याकडचा. हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो, म्हणजे इतरांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना कळवायच्या. या कामात राहून राहून माणसाला वाटायला लागतं की चुका इतरांकडेच असतात. भुकूमला नव्या सोसायटीत भाड्याने राहत होतो. बायको माहेरी गेली होती आणि परत येणार नव्हती. सोसायटीत मी सांगत असे की सासूबाई आजारी आहेत. सासूबाई ठणठणीत होत्या.

माझ्याकडे भांडी घासायला भरे गावातून एक मावशी यायच्या. तिची आई. त्यांच्या घरात एके काळी मेंढरांचा मोठा कळप होता. चरायचे माळ एकेक करून प्लॉटिंगमध्ये गेले तसा कळपही गेला, मागे पाच-सहा शेळ्या राहिल्या. आमच्या घरातली बाई दुसऱ्याची उष्टी काढायला गेली तर तिच्या हातचं पाणी पिणार नाही, असं थोरल्या दिराने भावकीत बोलून ठेवलं होतं. म्हणून मावशी गावात सांगायच्या की मी सोसायटीच्या बागेत गवत कापायला जाते. रोज सकाळी पिशवीत विळा घालून निघायच्या. आमच्याकडे गवत ठेकेदाराची माणसं मशीनने कापत. विळा दिवसभर माझ्या ओट्याखाली पडून असायचा आणि दुपारी तसाच्या तसा परत जायचा.

मला डेंग्यू झाला तेव्हा सगळ्या सोसायटीने मला शेळीचं दूध प्यायला सांगितलं. पेशी वाढतात म्हणे. मावशींनी ते लेकीबरोबर पाठवलं. लेक तिशीची, पिरंगुटला एका कारखान्यात रबराचे नग तपासायच्या कामावर. म्हणजे धंदा माझाच. दुधाची बाटली ठेवून ती जायला निघाली आणि कोपऱ्यातला माइक बघून थांबली.

"हे कुणासाठी हाय?"

लग्न मोडायला लागलं तेव्हा मी मन रमवायला गिटार घेतली होती, मग माइक घेतला होता, आणि दोन्ही धूळ खात होते. गिटारच्या दोन तारा तुटलेल्या होत्या. तिने ती उचलली, जराशी वाजवून बघितली आणि म्हणाली, "मी कामावर गाणी करते. मशिनीचा लई आवाज असतो, कुणाला ऐकू जात न्हाई. एक म्हणू का?"

तापात पडल्या पडल्या मी ते गाणं ऐकलं. कारखान्याच्या गेटवर बसणाऱ्या वॉचमनवर होतं. तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या डब्यात काय आहे ते वासावरून ओळखायचा. त्या दिवसापासून पुढची तीन वर्षं माझे सगळे रविवार तिचे झाले.

त्या रविवारांनी मला भाजून काढलं. मी नव्या तारा आणल्या, तिने लावू दिल्या नाहीत. "दोन गेल्या, चार ऱ्हायल्या. चारीत भागतंय." मी हेडफोन दिले, तर "कानात बोळं घालून कुणी गातं का?" बाल्कनीचं दार उघडं असल्याशिवाय तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. समोर नवी बिल्डिंग उभी राहत होती. त्यामुळे माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये कुत्री आहेत, काँक्रीटचा मिक्सर आहे आणि डंपरचा रिव्हर्स हॉर्न आहे. मी रात्री बसून तो हॉर्न काढायचा प्रयत्न करी. पुढे कुणा शहाण्याने लिहिलं की तिच्या गाण्यांतल्या हॉर्नमधून विस्थापनाची वेदना ऐकू येते. मला ते वाचून हसावं की लॅपटॉप फोडावा कळेना.

कुणी खात असलं तर ती गायची नाही. बाणेरच्या एका कॅफेत मी मिनतवाऱ्या करून तिला संध्याकाळ मिळवून दिली होती. ती स्टुलावर बसली, समोरच्या टेबलांकडे बघितलं आणि माइकमधून म्हणाली, "तुमचं जेवण होऊ द्या. मी थांबते." लोकांना गंमत वाटली. ती खरंच थांबली. पाऊण तास गिटार मांडीवर घेऊन बसून राहिली. कॅफेचा मालक मला कोपऱ्यात घेऊन शिव्या देत होता आणि मी हात जोडत होतो. शेवटची ताटली उचलली गेल्यावर ती म्हणाली, "आता कसं, भांड्यांचा आवाज न्हाई." मग जी गायली ती अशी गायली की मालकच पाणी घेऊन आला. पुढची संध्याकाळ मात्र त्याने दिली नाही.

या सगळ्याची मला सवय झाली असती. सवय झाली नाही ती तिच्या एका नियमाची.

तिचं प्रत्येक गाणं कुणा ना कुणा जित्या माणसावर असे. ते झालं की ती आधी त्या माणसाच्या दारात जाऊन त्याला म्हणून दाखवायची आणि विचारायची, "भाईर काढू का?" तो हो म्हणाला तर गाणं जगाचं. नको म्हणाला तर ते तिथेच संपलं. परत कधी कुणापुढे म्हणायची नाही, गुणगुणायचीसुद्धा नाही. "ज्याचं गाणं त्याला आधी," एवढंच तिचं म्हणणं. हे कुठून आलं असं मी विचारलं तर म्हणाली, "दुसऱ्याच्या मेंढराची लोकर न इचारता कातरतात का कुणी?"

पौडच्या रस्त्यावर सीटमागे पैसे घेऊन माणसं नेणारी वडापची जीप चालवणाऱ्या एकाचं गाणं होतं. त्यात त्याची बायको पळून जाते. तो ऐकून म्हणाला, "पळून गेली असं नगं म्हणू. म्हायेरी गेली असं कर, मग खुशाल म्हण." तिने बदललं. पळून गेलेल्या बाईचं गाणं तिथे संपत होतं, माहेरी गेलेल्या बाईची माणूस वाट बघतो. गाणं आधीपेक्षा चांगलं झालं हे मलाही कबूल करावं लागलं. ती ओळ मला लागली का, ते मी तेव्हा तिला सांगितलं नाही.

पण भिंतीच्या वेळी माझा संयम सुटला. भऱ्याच्या ओढ्यावर मेंढरं पाण्याला न्यायची जुनी वाट होती. मध्ये एका पुण्याच्या माणसाने बंगला बांधला आणि वाटेवर आडवी भिंत घातली. तिने त्यावर गाणं केलं. मेंढरं भिंतीपाशी येऊन थांबतात आणि पाण्याचा वास घेऊन परत फिरतात, असं. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. हे गाणं महाराष्ट्र हलवणार, मी म्हणालो. ती म्हणाली, "आधी त्येला इचारून येऊ."

"ज्याच्या विरुद्ध गाणं आहे त्यालाच विचारायचं?"

"त्येचंच हाय की ते."

मी तिला माझ्या स्कूटरवरून नेलं. तो गृहस्थ झोपाळ्यावर बसला होता. त्याने शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आवाज छान आहे तुझा. पण हे बाहेर नको." ती म्हणाली, "बरं." आणि उठली.

परतीच्या वाटेवर मी स्कूटर थांबवून तिच्यावर ओरडलो. तू मूर्ख आहेस, म्हणालो. तुझ्या बापाची वाट त्याने खाल्ली आणि गाणंही त्यालाच नेऊन दिलंस. ती खाली उतरून रस्त्याकडेच्या दगडावर बसली. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "दादा, त्येनं ऐकलं. आता त्येला ठाव हाय. गावाला आधीच ठाव हाय. आजून कुणाला कळायचं ऱ्हायलंय?"

वाट अजूनही बंद आहे, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर अशा गोष्टीत शेवटी भिंतवाल्याला पाझर फुटतो आणि तो फाटक ठेवतो. त्याने काही ठेवलं नाही. भिंतीवर आता बोगनवेल चढली आहे.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत मुंबईच्या एका संगीत कंपनीतून मला फोन आला. मला, कारण तिचं चॅनल मी चालवत होतो, पासवर्ड माझा होता. पलीकडचा माणूस म्हणाला, आवाज वेगळा आहे, पण एक असं गाणं पाहिजे की लोक थांबून ऐकतील. असं एक गाणं मला द्या, पुढचं आम्ही बघतो.

आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी ती 'इळा', म्हणजे विळ्याचं गाणं, घेऊन आली.

मावशी आत भांडी घासत होत्या. ती बाल्कनीत बसली आणि म्हणाली, "ह्यात आई हाय आन तुमचं सैपाकघर बी हाय. म्हणून दोघांस्नी इचारते." मी रेकॉर्डर सुरू केला. तो मी नेहमीच सुरू करून ठेवत असे.

*इळा सकाळी जातो, इळा दुपारी येतो,*
*पात्याला गवत लागत न्हाई, हाताला पाणी लागतं.*

आतला नळ बंद झाला. मावशी पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. गाणं संपायच्या आत मी म्हणालो, "माझा होकार. आत्ताच्या आत्ता बाहेर काढ." ती आईकडे बघत राहिली.

"लई ग्वाड झालंय गं," मावशी म्हणाल्या. "पर नगं."

"का, मावशी?" हे मी विचारलं. लेकीने विचारलं नाही.

"दादा, इळा पिशवीत हाय तवर मी गावात ताठ चालते. गाण्यात आला की समद्यास्नी दिसंल."

"बरं," लेक म्हणाली. तिने गिटार भिंतीला टेकवली आणि वॉचमनच्या गाण्यातला एक शब्द बदलायचाय म्हणून दुसरंच काही बोलायला लागली. मावशी आत गेल्या. नळ परत सुरू झाला.

रेकॉर्डर चालूच होता.

पुढचे चार दिवस मी मनाशी कशी वकिली केली ते आठवलं की आज माझीच मला किळस येते. दोघांना विचारलं होतं, त्यात एकाचा होकार आहे. आईला काय कळतं गाण्यातलं. लेकीचं भलं झालं की आईच उद्या आशीर्वाद देईल. लेक अशी विचारत दारोदार हिंडत बसली तर जन्मभर रबराचे नग तपासेल, कुणीतरी धाडस केलं पाहिजे. गुरुवारी दुपारी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी गाणं चॅनलवर टाकलं. नुसतं टाकलं असतं तरी एक वेळ कुणाला कळलं नसतं, कारण गाण्यात भांडी हा शब्दही नव्हता. पण माझ्यातला हुशार माणूस गप्प बसेना. गाण्याखाली मी लिहिलं: 'भुकूमच्या फ्लॅटमध्ये भांडी घासणाऱ्या, भरे गावच्या एका आईसाठी, तिच्या लेकीकडून.' लोकांना गोष्ट आवडते, असं त्या कंपनीवाल्याने सांगितलं होतं.

लोकांना आवडली. रविवारपर्यंत जो तो ते गाणं आपापल्या आईच्या फोटोला लावत होता. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका बाईंनी मावशींचा गेटमधून आत येतानाचा, हातात पिशवी असलेला फोटो टाकला आणि लिहिलं, 'आपल्याच मावशी! प्राउड!' खाली चाळीसेक फुलं आणि जोडलेले हात. याच बाईंनी मावशींना लिफ्ट वापरायची बंदी केली होती.

भऱ्यात काय झालं ते मला वडापवाल्याने सांगितलं. थोरला दीर मारुतीच्या पारावर चारचौघांत मावशींना आडवा आला आणि म्हणाला, "दाव बघू इळा. गवताचा वास येतोय का साबणाचा?" मावशींनी पिशवी त्याच्या हातात दिली आणि घरी गेल्या.

मी त्याच संध्याकाळी गाणं काढून टाकलं. त्याने काय होणार होतं? तोवर ते हजार ठिकाणी पोहोचलं होतं.

मंगळवारी मावशी आल्या, पिशवीशिवाय. माझ्या फ्लॅटची किल्ली त्यांच्याकडे असायची. ती त्यांनी पदराने पुसून चपलांच्या स्टँडवर ठेवली. मी माफी मागायला लागलो, शब्द नुसते ओतत होतो. त्यांनी मला थांबवलं.

"दादा, तुमची बायकू परत येनार न्हाई, ते मला पयल्याच म्हैन्यात कळलं व्हतं. ह्या घरात काय काय बघितलं मी. कुणाला बोलले का?"

त्या जिना उतरून गेल्या. लिफ्टने गेल्या नाहीत. त्यानंतर त्या कुठल्याच सोसायटीत कामाला गेल्या नाहीत, आणि भावकीतल्या लग्नालाही जात नाहीत असं ऐकतो.

लेक आठ दिवसांनी आली. मी तयारीत होतो. ती शिव्या देईल, रडेल, मग मी सांगेन की चूक झाली, पण आता कंपनीवाला तुझ्या मागे लागलाय, याचा उपयोग करून घे. हे खरंही होतं. पुढे तिने त्यांच्याबरोबर काम केलं, ते गाणं कधी मागायचं नाही या अटीवर. म्हणजे तिचं जे काही झालं ते माझ्या विश्वासघातातून झालं. लोक म्हणतात, मग वाईट काय झालं? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटतं, कारण मीही तो स्वतःला कितीदा विचारला आहे.

ती शिव्या द्यायला आलीच नव्हती. बाल्कनीचं दार तिने स्वतः उघडलं, नेहमीच्या जागी बसली आणि म्हणाली, "साहेब, गाणं झालंय. तुमचं हाय."

तीन वर्षं मी दादा होतो.

तिने ते म्हटलं. समोर डंपर मागे येत होता, त्याचा हॉर्न वाजत होता. त्या गाण्यात काय होतं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की त्यात शिवी नव्हती आणि एकही ओळ खोटी नव्हती. आईने तिला माझ्या घरातलं काही सांगितलेलं नव्हतं हेही त्यावरून कळत होतं; जे होतं ते तिने स्वतः, त्या बाल्कनीत बसून, तीन वर्षं बघितलेलं होतं. तिने केलेलं सगळ्यात चांगलं गाणं ते होतं. दुसऱ्यांच्या चुका शोधणारा माणूस मी, मला त्यात एक चूक सापडली नाही.

गाणं संपलं. तिने गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि माझ्याकडे बघत विचारलं, जसं वॉचमनला विचारलं होतं, वडापवाल्याला, भिंतवाल्याला, आईला.

"भाईर काढू का?"

मी हो म्हणायला पाहिजे होतं. माझ्याकडे भरपाई म्हणून देण्यासारखी ती एकच गोष्ट होती, आणि ती मागायला लेक स्वतः चालून दारात आली होती. माझ्या डोळ्यांपुढे सोसायटीचा ग्रुप आला, ऑफिसातले लोक आले, जालन्यातले सासरे आले.

"नको," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. मग उठून तिने विचारलं, "गिटार तुमची हाय. ठेवू का नेऊ?"

"ने."

ती गेली. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. भिंतवाल्याला ती ज्या आवाजात बरं म्हणाली होती, त्याच आवाजात मला म्हणाली, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

परवाच्या मैदानावर मी हौसेने गेलो नव्हतो. तिचा नवा कार्यक्रम असला, नवं गाणं आलं, की मी जातो, ऐकतो, एकूण एक. आज ती ते माझ्यावरचं गाणं म्हणेल अशी मला भीती असते. खरं सांगायचं तर आताशा तशी इच्छाही असते. एकदा तिने माइकसमोर ते म्हणावं, नाव घेऊन म्हणावं, म्हणजे हे मिटेल. पोरं हुर्यो करत असताना तिच्या हातात उत्तर होतं. दोन ओळी म्हटल्या असत्या तर सगळं मैदान माझ्याकडे वळलं असतं.

ती म्हणणार नाही. मी नको म्हटलेलं आहे.